लॅटिनचा परवचा

"हे भाषा आता कोणी बोलते काय?" आईनं विचारलं.

"कोणीच नाही."

"मंग चुकलं तं कोणाले समजते?"

चुकलेलं समजणारी एक बाई इटलीत बसली होती, एवढंच मला माहीत होतं. तिनं मला एकदा नापास केलं होतं, आणि मे महिन्याच्या शेवटी ती मला दुसऱ्यांदा आणि शेवटचं तपासणार होती. मधल्या सहा आठवड्यांत लॅटिन व्याकरणाची उजळणी करायला मी पुण्यातली खोली सोडून सोनाळ्याला घरी आले होते. आई मात्र माझ्या उघड्या पुस्तकावर मुंगवड्यांचं ताट ठेवायला जागा बघत होती.

मी वनस्पतिशास्त्रातली. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलीला झाडांचं वेड लागलं यात नवल काही नाही, पण त्या वेडानं मला लॅटिनच्या दारात नेऊन उभं करावं, हे जरा जास्तच झालं. इटलीतल्या एका विद्यापीठात फार जुन्या, वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांचा मोठा संग्रह आहे. प्रत्येक झाडाखाली कोणीतरी बारीक अक्षरात लॅटिनमध्ये वर्णन लिहून ठेवलंय. ते वाचायचं, त्यातली आपल्या भागातली झाडं शोधायची, त्यांच्यावर संशोधन करायचं, असं तीन वर्षांचं काम होतं. माझी निवड झाली होती. अट एकच, लॅटिनची तोंडी परीक्षा. दोनदा देता येत होती. नाही जमलं तर खामगावच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं होतंच. दर जूनमध्ये 'यंदा तरी घेतील का' म्हणून प्राचार्यांच्या खोलीबाहेर उभं राहायचं. त्या दाराबाहेर मी पुन्हा उभी राहणार नव्हते.

पहिल्या परीक्षेत नेमकं काय बिनसलं ते मला कळलंच नव्हतं. पाठ तर सगळं होतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या त्या पांढऱ्या केसांच्या बाई शांतपणे एकेक रूप विचारत गेल्या आणि मी ओठातल्या ओठात पुटपुटत राहिले. अर्धा तास संपला तेव्हा त्यांचे निम्मे प्रश्न शिल्लक होते. मी घाबरले असेन, अशी मी समजूत करून घेतली. अभ्यास कमी पडला असेल. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून आड भरायला घरी आले.

घरी बाबा होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणत, आई चिडली की तीही म्हणायची. त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर पाढ्यांत कधी अडत नसे, असा त्यांचा लौकिक होता. त्याचं कारण म्हणजे त्यांचा परवचा. दिवेलागणीला गल्लीतल्या सगळ्या पोरांनी आमच्या ओट्यावर जमायचं आणि एका सुरात पाढे म्हणायचे. बाबांचा नियम एकच होता. कुठंही चुकलं, अडखळलं, नुसती धाप लागली तरी, "पुन्हा. पह्यल्यापासून." तिसाच्या पाढ्यात नवव्या ओळीवर चुकलेल्या पोरालाही तीस एके तीसपासून यावं लागे. एक छडीही असायची, पण ती बहुतेक वेळा ताल धरायला.

मी लॅटिनच्या परीक्षेचं सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "व्याकरण हाय ना? मंग व्याकरणाले काय भ्यायचं."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक जाड रजिस्टर आणलं. माझ्या पुस्तकातलं लॅटिन त्यांना वाचता येत नव्हतं. इंग्रजी अक्षरं येत, पण उच्चार मी सांगायचा. मग मी बोलायची आणि ते देवनागरीत लिहून घ्यायचे. आमो, आमास, आमात. बाबांचं अक्षर म्हणजे फळ्यावरून उतरून कागदावर आलेलं अक्षर. पट्टीनं रेघा आखलेल्या, नियमित क्रियापदं निळ्या शाईत, अनियमित लाल शाईत. वर खाकी कव्हर. त्या माणसानं आयुष्यात कोणत्या पोराला पानाचा कोपरा दुमडू दिला नाही. रजिस्टर भरायला दहा दिवस लागले आणि त्या दहा दिवसांत त्यांनी माझ्याशी जितके वाद घातले तितके माझ्या लग्नावरूनही घातले नव्हते.

पहिला वाद क्रियापदांच्या अर्थांवरून झाला. लॅटिनमध्ये तीनच अर्थ. एक साधं सांगायचा, एक हुकूम सोडायचा आणि एक तिसरा, ज्यात इच्छा, शंका, जर-तर, असावं-नसावं सगळं कोंबलेलं. बाबांना हे पसंत नव्हतं.

"आपले चार हायेत," ते म्हणाले. "स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. यायनं विध्यर्थ आन् संकेतार्थ एकाच खोलीत काऊन कोंडले?"

"बाबा, मी नाही कोंडले."

"मोठं राज्य केलं म्हणतात, आन् एक खोली जास्त बांधता नाही आली."

तरी त्यांनी रजिस्टरमध्ये तिसऱ्या अर्थाच्या पानावर मधोमध एक रेघ मारली आणि डाव्या बाजूला 'विध्यर्थ', उजव्या बाजूला 'संकेतार्थ' असं लिहूनच टाकलं. रोमन लोकांची चूक त्यांनी सोनाळ्यात बसून दुरुस्त केली.

अनियमित क्रियापदांवर मात्र त्यांनी माया केली. 'फेरो' म्हणजे वाहून नेणे. वर्तमानात फेरो, भूतकाळात एकदम तुली, आणि पुढं लातुम. मी म्हटलं, हा काय छळवाद आहे, एकाच क्रियापदाला तीन चेहरे! बाबा हसले. "आपलं 'जाणे' पाह्य. जातो, जाईन, आन् मंग गेला. 'जाला' म्हणतो काय आपण? जे क्रियापद लोकाइच्या तोंडात जास्त फिरते, तेच वाकडं होते. वापरात असलेली वस्तू हाय ते." वर्गात शिकवतानाही ते असंच बोलत असतील, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. मी त्यांच्या वर्गात कधी बसले नव्हते. माझ्या वेळी त्यांची बदली डोणगावला होती.

विशेषणांच्या तुलनेला आम्हांला शिवणकाम करणाऱ्या चाचांनी मदत केली. चाचांचं दुकान एसटी थांब्याजवळ, दोन मशिनी आणि एक कटिंगचं टेबल. बाबांचे जुने दोस्त. दुपारच्या चहाला बाबा तिकडे जात आणि त्या उन्हाळ्यात मलाही ओढून नेत. बोनुस म्हणजे चांगला, मेलिओर म्हणजे त्याहून चांगला, ओप्टिमुस म्हणजे सगळ्यांत चांगला. मी कुरकुरले की 'चांगला'चं 'चांगलातर' का नाही करत, शब्दच का बदलतात? चाचा टेबलावर खडूनं रेघ ओढत म्हणाले, "बेटा, आमच्यातही तसंच हाय. गिऱ्हाईक येते, साधं शिव म्हणते. दुसरं म्हणते, भारी शिव. तिसरं म्हणते, नवरदेवाचं हाय. 'नवरदेवाचं' म्हटलं का मंग भारीच्या वरची गोष्ट झाली. नाव बदलते." पुढं मला 'ओप्टिमुस' म्हटलं की नवरदेवाची शेरवानीच दिसायची.

चाचांनी लहानपणी मशिदीत अरबी पाठ केलेली. अर्थ पुष्कळ नंतर कळला, ते सांगत. आमच्या घरी विहारातली वंदना पालीत. आईला ती तोंडपाठ, अर्थ विचारला तर म्हणे, "मनाले समजते." त्यामुळे कोणी बोलत नसलेली भाषा रोज संध्याकाळी म्हणण्यात आमच्या गल्लीला काही विशेष वाटलं नाही. दिवेलागणीला मी ओट्यावर बसायची, समोर बाबा रजिस्टर धरून. चाल अर्धी पाढ्यांची, अर्धी वंदनेची. सुम, एस, एस्त. सुमुस, एस्तिस, सुन्त. तिसऱ्या रूपावर बाबांची छडी ओट्याच्या कडेवर पडायची आणि सहाव्यावर पुन्हा. चुकले की, "पुन्हा. पह्यल्यापासून." येणारी-जाणारी माणसं थांबत. "गुरुजी, पोरगी काय म्हणून राह्यली?" बाबा मान न वळवता सांगत, "रोमची उजळणी."

दिवसा आई मला वाळवणाच्या राखणीला बसवायची. अंगणात कुरड्या, मुंगवड्या पसरलेल्या, मी सावलीत काठी घेऊन, तोंडानं लॅटिन. चिमण्या हाकलताना आज्ञार्थाची उजळणी आपोआप व्हायची. खरं सांगायचं तर मी इतकी सुखात कधीच नव्हते. पाणी खारं, ऊन असं की कूलरही गरम वारा फेकायचा, आणि मी तिशी गाठलेली बाई शाळकरी पोरीसारखी पाठांतर करत होते. महिन्याभरात सगळं रजिस्टर माझ्या तोंडात आलं. मी घडाघडा म्हणायची, बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "झालं. आता कोणी काईबी विचारो."

परीक्षेला पंधरा दिवस उरले होते तेव्हा बाबांना डोणगावला जावं लागलं. एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीचं लग्न होतं. जाताना त्यांनी आईला बजावलं, "परवचा चुकवू नको. तू घेजो."

आई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं संध्याकाळी हात पदराला पुसले, रजिस्टर घेतलं आणि जिथं उघडलं तिथं बोट ठेवलं. क्रमाशी तिला काय करायचं होतं! "हे सांग. 'जाणे', जर-तरचं, 'ते'. काय व्हते?"

मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. इरेम, इरेस, इरेत, मी मनात पहिल्यापासून सुरू केलं. तेवढ्यात आईनं पान उलटलं. "बरं, हे. 'नेणे', 'तुम्ही'." पुन्हा मी मनातल्या मनात फेरो, फेर्स... तिसऱ्या प्रश्नालाही तेच झालं. आई रजिस्टरकडे बघे, माझ्याकडे बघे. "रोज तं रेल्वेसारखी जाते. आज काय झालं?"

काय झालं ते मला त्या क्षणी लख्ख कळलं. त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनीही मला असंच मधूनच विचारलं होतं. मी घाबरले नव्हते, माझा अभ्यासही कमी नव्हता. मला फक्त पहिल्यापासून येत होतं. लहानपणापासून मी प्रत्येक गोष्ट पहिल्यापासूनच शिकले होते. आणि गेल्या चार आठवड्यांतला सगळा भर त्याच पद्धतीवर दिलेला; आता दोनच आठवडे उरले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा लग्नाहून आले. हातात लाडवांची पिशवी, कपाळावर अक्षतांचा एक दाणा अजून चिकटलेला. त्यांनी चप्पल काढायच्या आत मी तोंड सोडलं. माझा राग आईसारखा नाही, भांडी आपटून जाणारा. माझा राग शब्द शोधतो. मी म्हटलं, "तुमच्या पद्धतीनंच मला बुडवलं. मधून विचारलं की मला काही येत नाही. बत्तीस वर्षं तुम्ही पोरांना नुसती गाणी शिकवलीत, बाबा. तुमचा एक तरी विद्यार्थी मधूनच विचारल्यावर बोलला असेल का?"

आई आतून म्हणाली, "अगं, पाणी तं पिऊ दे त्याइले."

बाबांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा लावला. "तुह्या आईनं कुठून विचारलं?"

"कुठूनही."

"हं," ते म्हणाले. मग हातपाय धुतले, जेवले, लग्नात कोण कोण भेटलं ते आईला सांगितलं. मला वाटत होतं की मी खरं तेच बोलले, आणि खरं बोलणाऱ्यानं कशाला माघार घ्यायची?

सकाळी उठले तर बाबा नव्हते, रजिस्टरही नव्हतं. दहाच्या सुमारास ते बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा काखेत घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवला. झाकण उघडलं. आत चिठ्ठ्या. शेकडो चिठ्ठ्या, सारख्या मापाच्या, कडा सुतात. निळी शाई, लाल शाई. रजिस्टर होतं ते.

काय घडलं ते चाचांनी मला नंतर सांगितलं. बाबा दुकान उघडायच्या आधीच दारात उभे होते. टेबलावर रजिस्टर ठेवून म्हणाले, "काट." चाचांनी हात मागे घेतला. "गुरुजी, इल्म की किताब है. कैंची कैसे लगाऊं?" शिवाय शिंप्याची कापडाची कात्री कागदाला लावायची नसते, कागदानं धार जाते. चाचांच्या दुकानात त्या कात्रीनं पावतीसुद्धा कोणी कापायचं नाही, असा दंडक. पण बाबांना चिठ्ठ्या सारख्या हव्या होत्या, कोणती कुठली ते हाताला कळता कामा नये म्हणून. शेवटी चाचांनी खडूनं रेघा आखल्या आणि कापडाच्याच कात्रीनं एकेक पान कापलं. बाबा खुर्चीवर बसून कापलेलं गोळा करत होते.

मी त्या डब्याकडे बघत राहिले. लाज वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त मला तो डबा उपयोगाचा वाटला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं. माझं सगळं लक्ष परीक्षेवर होतं.

त्या दिवसापासून परवचा बदलला. बाबा डब्यात हात घालायचे, चिठ्ठी काढायचे, विचारायचे. आलं तर चिठ्ठी उजवीकडे, नाही आलं तर पुन्हा डब्यात. छडी नव्हती. "पुन्हा, पह्यल्यापासून" नव्हतं. पहिले चार दिवस डबा रिकामा होईना. मग हळूहळू उजवीकडचा ढीग वाढला. आठव्या दिवशी मी वाळवण गोळा करता करता आईनं फेकलेल्या सात रूपांची सात उत्तरं दिली आणि आई म्हणाली, "आता बोलते रेल्वे, स्टेशनावर बी थांबते."

परीक्षा चाचांच्या दुकानातून दिली, कारण नेट तिथंच नीट चाले. ऐन लग्नसराई, गिऱ्हाइकांची रांग, तरी चाचांनी दोन्ही मशिनी बंद केल्या, कारागिरांना चहाला पाठवलं आणि दारावर चादर बांधली. चादरीच्या बाहेर बाकावर बाबा बसले; थांब्यावरच्या गोंगाटात आतलं त्यांना काही ऐकू येत नव्हतं. मी कटिंगच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. त्याच पांढऱ्या केसांच्या बाई आल्या आणि त्याच शांतपणे विचारू लागल्या. कुठूनही. संकेतार्थ, आज्ञार्थ, तुलना, वाकडी क्रियापदं. मी उत्तरं देत गेले. डब्यात हात घातल्यासारखी एकेक चिठ्ठी वर येत होती.

शेवटचा प्रश्न 'मालो'चा होता. एकापेक्षा दुसरं जास्त हवं असणे, असं ते क्रियापद. त्याचं 'तुम्ही'चं रूप. चिठ्ठी वर येईना. लाल शाई दिसत होती, अक्षर दिसत नव्हतं. बाई वाट बघत होत्या. मी सगळं विसरून मांडीवर थाप मारली आणि मोठ्यानं, ओट्यावरच्या चालीत सुरू केलं. मालो, मावीस, मावुल्त. थाप. मालुमुस, मावुल्तिस... आलं. माझ्या आधी ते तोंडातून बाहेर आलं.

बाई हसल्या. ही चाल कुठली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या वडिलांची. ते असं शिकवतात. त्या म्हणाल्या, छान आहे.

चादर बाजूला करून मी बाहेर आले. बाबा उठले. "मधातून विचारलं?"

"सगळं मधूनच. चिठ्ठ्यांनी वाचवलं, बाबा."

मला वाटलं, मी त्यांना बक्षीस देते आहे. ज्यासाठी त्यांनी रजिस्टर कापलं, ते कामी आलं म्हणून सांगते आहे. ते म्हणाले, "म्हणजे तुह्यंच बरोबर व्हतं." आणि मान हलवली. मी आनंदात होते, चाचांना पेढे आणायला सांगत होते. ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. आठवड्यानं पास झाल्याचं पत्र आलं, पावसाळा सरता सरता मी गेले.

त्या तीन वर्षांत आई फोनवर बाबांच्या गमती सांगायची. म्हणे, तुझे बाबा बाजारात कोणी जुना विद्यार्थी दिसला की त्याला अडवतात आणि विचारतात, "सतरा सत्ते?" कांदे तोलता तोलता माणूस तराजू धरून उभा राहतो. एकदा ग्रामसेवक घरी येऊन हळूच विचारून गेला, "काकू, गुरुजींची तब्येत बरी हाय ना?" मी तिकडे वाळलेल्या झाडांच्या कपाटांजवळ बसून पोट धरून हसायची.

या उन्हाळ्यात मी घरी आले आहे. परवाच्या बाजाराला बाबांबरोबर गेले. ते आता काठी घेतात, दुसऱ्या बाजूला मी होते. भाजीच्या ओळीत पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या झालेला एक माणूस त्यांच्या पाया पडला. बाबांनी विचारलं, "सतरा सत्ते?" माणूस हसला, मग गोंधळला. त्याचे ओठ हलू लागले. मला ते ओठ ओळखीचे वाटले. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस... तो मनात पहिल्यापासून येत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "एकशे एकोणीस, गुरुजी."

बाबांनी काठी माझ्या हातात दिली आणि त्या माणसापुढं हात जोडले. "माह्यं चुकलं बाबू. मी तुमाले मधातून शिकवलंच नाही. आन् वरून मारलं."

तो माणूस बिचारा घाबरला. "गुरुजी, असं काय करता? आलं ना मले!" पण बाबा पुढं निघाले होते.

मला भर बाजारात रडू आलं. मी हसत होते ती गमत ही होती. माझं एक वाक्य बाबा इतकी वर्षं गावभर फेडत फिरत होते, एकेका विद्यार्थ्यापाशी. आणि शेवटचं रूप त्यांच्या चालीनंच आलं होतं, हे मी एका परक्या बाईला सांगितलं, चादरीबाहेर बाकावर बसलेल्या माणसाला नाही.

घरी आल्यावर ओट्यावर बसवून मी त्यांना सगळं सांगितलं. शेवटचा प्रश्न, न आलेली चिठ्ठी, मांडीवरची थाप, बाई काय म्हणाल्या ते. तुमच्या पद्धतीनं मला बुडवलं नव्हतं, बाबा. दोन्ही लागलं. चिठ्ठ्या अडल्या तेव्हा परवच्यानं काढलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मले बरं वाटावं म्हणून सांगून राह्यली माय तू."

"खरं सांगते आहे!"

"हाव हाव. खरंच हाय."

लहान पोराची समजूत काढावी तसं ते म्हणाले. मी वेळेवर न बोललेलं आता त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. माझा जुना राग उसळला, या वेळी माझ्यावरच. "थांबा, म्हणूनच दाखवते," मी म्हटलं आणि समोर पाय दुमडून बसले. "मालो, मावीस, मावुल्त. मालुमुस..."

आणि अडले. खरोखरच अडले. तिकडे तीन वर्षं मी पानं, फुलं, देठ यांचीच विशेषणं वाचत होते, असली क्रियापदं कोण वापरतं? पुढचं रूप येईना. मी वर बघितलं. आई दारात येऊन उभी राहिली होती. मी पुन्हा म्हटलं, "मालुमुस..." आणि पुन्हा थांबले.

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांची बोटं काठीवर होती. हळूहळू त्यांची पाठ ताठ झाली, काठी उचलली गेली आणि ओट्याच्या कडेवर टक्कन पडली.

"पुन्हा," ते म्हणाले. "पह्यल्यापासून."